‘आईना’, पाणचक्की आणि नववीचा पास

जानेवारी हा शाळेचा सर्वांत गजबजलेला महिना. सहामाही परीक्षा मागे पडलेली असते, वार्षिक परीक्षेला अवकाश असतो आणि सकाळच्या थंडीत परिपाठाला उभी राहिलेली मुले हात चोळत का होईना, पण हसतमुख असतात. ३ तारखेला सावित्रीबाई फुले यांची जयंती, ६ला दर्पण दिन, १२ला जिजाऊ जयंती आणि पुढे २६ जानेवारीची तयारी. त्यातच सहल. जालना जिल्ह्यातील आमच्या उर्दू शाळेत यंदा हे सारे एकाच आठवड्यात कसे गुंफले गेले, त्याची ही हकीगत. मुलीला आठवीनंतर पुढे पाठवावे की नाही, हा प्रश्न ज्या घरांत आहे, त्या घरांनी ती जरूर वाचावी.

आमची शाळा पहिली ते आठवीपर्यंतची. मुले घरात दखनी बोलतात, वर्गात उर्दू लिहितात आणि बाजारात, दवाखान्यात, बसस्थानकावर त्यांना मराठी लागते. नववीसाठी बारा किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी जावे लागते. मुलगे सायकलने, कुणाच्या मोटारसायकलवर, टपावर बसून का होईना, जातात. मुलींचे पाऊल मात्र आठवीच्या निकालापाशी अडते. शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला, पण आठवी संपते तेव्हा मुलगी नेमकी चौदा वर्षांची झालेली असते.

सावित्रीबाईंच्या जयंतीला आम्ही आठवीच्या मुलांकडून मराठीत निबंध लिहून घेतला होता. विषय होता, ‘माझी आई शाळा शिकली असती तर’. सोमवारी वह्या तपासल्या. बहुतेकांनी लिहिले होते की आई डॉक्टर झाली असती, टीचर झाली असती. एका मुलीने मात्र लिहिले, “माझी आई शिकली असती तर औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे हे विचारायला मला झोपेतून उठवले नसते.” शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. त्या आम्ही दुरुस्त केल्या आणि निबंध वर्गात वाचून दाखवला. वर्ग गप्प झाला. बऱ्याच घरांत ती बाटली होती.

त्याच दिवशी सहलीची संमतीपत्रे गोळा करायची होती. आठवीत तेरा मुली. आठ जणींनीच सही किंवा अंगठा आणला होता. निबंध लिहिणारी मुलगी उरलेल्या पाच जणींत होती.

मंगळवारी दर्पण दिन. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत, शेजारी शेजारी स्तंभ करून छापले जाई. हे सांगताच एक मुलगा म्हणाला, “सर, मग आपलं पण दोन भाषांत काढू.” झाले, भित्तिपत्रकाचे ठरले. नाव काय द्यायचे यावर बराच वाद झाला. शेवटी दर्पण म्हणजे उर्दूत आईना, म्हणून ‘आईना’ हेच नाव पक्के झाले.

कार्डशीट टेबलावर पसरली तेव्हा खरी गंमत कळली. उर्दू उजवीकडून लिहायची, मराठी डावीकडून. दोन मुले दोन टोकांना बसली आणि लिहीत लिहीत मध्याकडे सरकू लागली. मध्ये वीतभर जागा उरली, तिथे चित्र काढायचे ठरले. पहिल्या अंकाच्या बातम्या अशा होत्या: हातपंप दुरुस्त झाला, दुसरीतल्या एका मुलाचे दोन दात पडले, खिचडीत सोमवारी मटकी होती, गुरुवारी सहल औरंगाबाद अर्थात छत्रपती संभाजीनगरला जाणार. मधल्या जागेत हातपंपाचे चित्र आले. दुपारच्या सुट्टीत चौथीची मुले फलकासमोर उभी राहून मोठ्याने वाचू लागली. ज्यांना मराठी अडते त्यांनी आधी उर्दू बातमी वाचली आणि मग तोच मजकूर मराठीत शोधला. असे शिकवायला आम्हांला महिना लागला असता.

बुधवारी विज्ञानाच्या तासाला सहलीची तयारी केली. एक पारदर्शक नळी घेतली, तिची दोन टोके वर धरली आणि एका टोकातून रंगीत पाणी ओतले. दुसऱ्या टोकात पाणी तेवढ्याच उंचीपर्यंत चढले. नळी वाकवली, मधला भाग जमिनीला टेकवला, तरी दोन्ही बाजूंची पातळी सारखीच. “उद्या हेच तुम्हांला दगड-चुन्यात बांधलेले दिसेल,” एवढेच सांगितले.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघे शिक्षक उरलेल्या पाच घरी गेलो. एका घरी लग्न होते, तिथला नकार समजण्यासारखा होता. तिघींच्या घरी, सोबत मॅडम आहेत आणि गाडी रात्री आठपर्यंत परत येईल हे ऐकल्यावर सही मिळाली. निबंधवाल्या मुलीच्या घरी तिची दादी चुलीजवळ बसली होती. चहा झाला. दादी म्हणाल्या, “सहलीला खुशाल न्या, टीचर. पण ही तिची निरोपाचीच सहल समजा. आठवी झाली की बस.”

आम्ही शिक्षणाचे महत्त्व सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात वर केला. “शिकवायचं नाही असं कोण म्हणतंय? मला एवढंच सांगा, संध्याकाळची गाडी चुकली तर माझी पोर उभी कुठं राहील?”

प्रश्न रास्त होता. याला भाषणाचे उत्तर चालणार नव्हते. “शनिवारी पालकसभेला या, तेव्हा सांगतो,” असे म्हणून आम्ही उठलो. संमतीपत्रावर दादींचा अंगठा मिळाला.

गुरुवारी पहाटे सहाला एसटीची गाडी दारात उभी राहिली. शाळांच्या सहलींसाठी महामंडळ सवलतीच्या दरात गाडी देते, म्हणून आमच्यासारख्या शाळांना हे परवडते. सातवी-आठवीची चाळीस मुले-मुली आणि आम्ही चार शिक्षक. प्रत्येकाच्या पिशवीत रोटी, उकडलेली अंडी, लोणचे आणि ‘आईना’साठी एक वही.

हे शहर मलिक अंबरने वसवले, ही ओळख मुलांना गाडीतच करून दिली. हबश देशातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या ज्या व्यापाऱ्याच्या हाती तो आला, त्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवले. पुढे तो दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी हे शहर वसवले आणि तिथे नहर-ए-अंबरी बांधून पाणी आणले. तेच पुढे औरंगाबाद झाले. १६२६ साली तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. “त्याला शिकवलं नसतं तर?” सातवीतल्या एकाने विचारले. उत्तर आम्ही मुलांवरच सोडले. गाडीत त्यावर जालना रोड संपेपर्यंत चर्चा चालली.

खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाला लागून पाणचक्की आहे. बुखाऱ्याकडून आलेले सूफी बुजुर्ग बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा इथे आहे. त्यांच्या खानकाहाभोवती मशीद, मदरसा, सराई असा सारा परिसर उभा राहिला. उत्तरेकडच्या डोंगरांतून मातीच्या भाजलेल्या नळांनी, जमिनीखालून पाणी इथवर आणले आहे. ते आधी एका उंच बांधीव भिंतीवर चढते आणि तिथून हौदात कोसळते. वरून पडणाऱ्या या पाण्याच्या जोरावर खाली पाते फिरते आणि पात्याबरोबर दगडी जाते फिरते. बैल नाही, माणूस नाही, वीज नाही. खानकाहात राहणाऱ्या फकिरांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी इथे पीठ दळले जाई.

बुधवारची नळी मुलांना लगेच आठवली. “पाणी वर कसं चढतं?” असे कुणीही विचारले नाही. उलट, पाणी पाहायला आलेल्या दुसऱ्या एका कुटुंबाला आमची एक मुलगी मराठीत समजावू लागली की झरा डोंगरात याहून उंच आहे, म्हणून पाणी इथे वर येते. ही तीच दादींची नात. मराठीच्या तासाला उभे केले तर ओढणीचे टोक चावणारी. त्या कुटुंबातल्या बाईंनी तिला विचारले, “कितवीत आहेस?” ती म्हणाली, “आठवीत.” बाई म्हणाल्या, “म्हणजे पुढच्या वर्षी नववी.” मुलीने यावर काही उत्तर दिले नाही.

हौदाची आणखी एक खुबी मुलांना फार आवडली. मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. उन्हाळ्यात डोक्यावर पाणी असल्याने दालन थंड राहते. जुन्या वडाखाली बसून डबे उघडले. जेवताना आम्ही एवढेच सांगितले की मदरशात शिकणाऱ्याला पिठाची चिंता पडू नये म्हणून कुणीतरी एवढे नळ जमिनीत पुरले. पुस्तके आणि उस्ताद तर हवेतच. पण शिकणाऱ्याची भाकरी आणि वाट यांचीही तजवीज कुणाला तरी करावी लागते.

दुपारी बीबी का मकबरा. औरंगजेबची बेगम दिलरस बानू, म्हणजेच राबिया दुर्रानी, हिची ही कबर. मुलांना आधी ताजमहालाशी तुलना करायची होती, ती करून झाली. मग मुख्य दरवाजावरच्या लेखाबद्दल सांगितले. त्यात बांधणारे अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावे आहेत. एकाने वहीत लिहून घेतले, “बादशाहच्या इमारतीवर मिस्त्रींचे पण नाव.” त्याचे अब्बा गवंडी आहेत.

शुक्रवारी शाळा जुम्यामुळे अर्धा दिवस. फातिमा शेख यांचे स्मरणही त्याच दिवशी केले. जोतिराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा पुण्यात उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असे सांगितले जाते. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी होत्या तेव्हा, १८५६ साली त्यांनी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल, याची काळजी त्यात आहे. आमच्या मुलींना त्या पत्रातली हीच गोष्ट भावली. एकीच्या वाटचे काम दुसरीने उचलले, म्हणून शाळा बंद पडली नाही.

उरलेल्या वेळात ‘आईना’चा दुसरा अंक झाला. या वेळी मधल्या जागेत जाते आणि पाते काढले होते. मराठी बाजूचा मुख्य मजकूर दादींच्या नातीचा होता.

शनिवारी पालकसभा. आम्ही भाषण टाळले आणि फळ्यावर तीन गोष्टी लिहिल्या. पहिली, ग्रामीण भागातील मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची ही योजना आहे. त्यासाठी शाळेचा दाखला लागतो आणि आगारात चौकशी करावी लागते. पैसे लागत नाहीत. दुसरी, मानव विकास कार्यक्रमात मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी निळ्या बसगाड्या आहेत. तिसरी, आपल्याच गावच्या दोन मुली सध्या नववी-दहावीला रोज जातात. त्यांना आम्ही सभेलाच बोलावले होते.

दहावीतली मुलगी उभी राहिली. गाडी किती वाजता सुटते, थांबा शाळेपासून किती पावलांवर आहे, कोणत्या दिवशी उशीर होतो, सगळे तिने सांगितले. दादींनी तोच प्रश्न तिला विचारला. ती म्हणाली, “दादी, गाडी दोनदा चुकली होती. थांब्यासमोरच माझ्या खालाचं घर आहे. मी तिथं बसते आणि मागच्या गाडीनं येते. हिलाही तिथंच बसवीन.”

दादींनी खालाचे नाव विचारले, त्यांच्या सासरचे नाव विचारले. ओळख निघाली. मग त्या एवढेच म्हणाल्या, “एकटी नाही ना जाणार?” मुहल्ल्यातल्या चार मुली एकत्र जातील, असे तिथल्या तिथे ठरले.

सभेअखेरीस तेरापैकी नऊ जणींच्या पालकांनी नववीसाठी होकार दिला. दोघींचे पालक आलेच नव्हते, त्यांच्या घरी पुढच्या आठवड्यात जाणार आहोत. दोन घरांत आताच साखरपुड्याची बोलणी चालू आहेत. त्या आयांना आम्ही एवढेच म्हणालो की अठराच्या आत लग्न करणे कायद्याने गुन्हा आहे, आणि मधली चार वर्षे मुलीने घरात बसून काढण्यापेक्षा बारावी करून काढावीत. एक आई विचार करते म्हणाली. दुसरीने मान खाली घातली.

होकार म्हणजे प्रवेश नव्हे, हे आम्ही जाणतो. जानेवारीतला होकार जूनमध्ये उन्हाळ्याबरोबर सुकून जातो. म्हणून नऊ जणींच्या पासासाठी लागणारी कागदपत्रे मार्चमध्येच गोळा करायची आणि मे महिन्यात घरोघरी पुन्हा एक फेरी मारायची असे ठरवले आहे. ‘आईना’च्या संपादक मंडळानेही एक कोपरा राखून ठेवला आहे. तिथे शाळा सोडून गेलेल्या मुलींची पत्रे लावली जातील, इन्शाअल्लाह.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, तुमच्या गावातही आठवीची अशी एखादी मुलगी असेल. तिला शिकायला हवे की नको, यावर वाद घालण्यात फार वेळ जातो. त्याआधी आगारात जाऊन पासाची चौकशी करा. गाडीची वेळ लिहून घ्या. थांब्याजवळ ओळखीचे एखादे घर शोधा. सोबतीला आणखी एक मुलगी मिळवा. एवढे झाले की मग तिच्या दादीशी बोलायला बसा.