वाचकागणिक एक सूची

तंजावूरच्या राजवाड्यात दरबार आहे, संगीत महाल आहे, आणि त्याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय. दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल 1798 ते 1832) यांनी ते जिवापाड वाढवलं; 1918 साली ते सर्वांसाठी खुलं झालं. इथल्या संस्कृत पोथ्यांची बर्नेल नावाच्या अभ्यासकाने केलेली वर्गवार सूची 1880 साली छापली गेली. मी डेटाबेसचे सर्व्हर सांभाळतो. या आवारात आलो की पोथ्यांइतकंच मन त्या सूचीपाशी रेंगाळतं.

समजा, इथे येणाऱ्या प्रत्येक वाचकाला सूचीची स्वतंत्र प्रत लिहून काढावी लागली असती तर? पोथ्यांना जागाच उरली नसती. पोस्टग्रेस हा डेटाबेस चालवणाऱ्या लिनक्स यंत्रात नेमकं हेच घडतं: प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस, आणि तिची मेमरीच्या पानांची सूचीही वेगळी. 16 जीबी सामायिक मेमरी 4 केबीच्या पानांत विभागली की सुमारे 42 लाख पानं होतात. प्रत्येक पानाची नोंद 8 बाइटची. एखाद्या कनेक्शनने हा सगळा भाग हाताळला, की त्याची पान-सूची 32 एमबीची होते. अशी 200 कनेक्शनं दिवसभर उघडी राहिली तर सव्वासहा जीबी नुसत्या सूच्यांनी खाल्ले! पान 2 एमबीचं केलं की नोंदी उरतात 8192.

म्हणून नवा सर्व्हर हाती आला की मी आधी ह्यूज पेजेस, म्हणजे ही मोठी पानं, राखून ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये हे सेटिंग मुळात ‘ट्राय’ असतं: मोठी पानं मिळाली नाहीत तर तो मुकाट्याने लहान पानांवर चालू होतो. मी ‘ऑन’ ठेवतो. पानं नसतील तर सर्व्हर सुरूच होऊ नये. निदान कळतं तरी. कर्नल आपणहून मोठी पानं जुळवतो तो ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस हा वेगळा प्रकार, तो बंद करतो.

स्वॅपिनेस, म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवण्याचा कर्नलचा कल, मुळात 60 असतं, ते 10च्या खाली आणतो. ओव्हरकमिट 2 करतो, म्हणजे कर्नल मर्यादेबाहेर मेमरी कबूलच करत नाही; कारण मेमरी संपल्यावर कर्नलने एक प्रोसेस मारली, तरी पोस्टग्रेस सगळीच कनेक्शनं तोडून सावरायला बसतो. भर कामाच्या वेळी हे फार महागात पडतं.

लिनक्सची मूळ सेटिंग्ज वाईट नाहीत. ती लॅपटॉपपासून वेब सर्व्हरपर्यंत सगळ्यांसाठी आहेत. पण जे यंत्र फक्त डेटाबेससाठी घेतलंय, त्याला तसं स्पष्ट सांगायला हवं. आज आपल्या सर्व्हरवर /प्रॉक/मेमइन्फो उघडा आणि ‘पेजटेबल्स’ची, म्हणजे पान-सूच्यांची, ओळ वाचा.