पुसलेली अक्षरे

मराठीत 'दादा' म्हणजे थोरला भाऊ. आमच्या घरात मात्र दादा म्हणजे आजोबा. या दादांच्या रेडिओची ही हकिकत आहे, आणि माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचीही.

दादा मालेगावात यंत्रमागावर काम करीत. पै पै साठवून त्यांनी १९६२ साली तो रेडिओ घेतला. लाकडी पेटी, पुढे जाळीचे कापड, खाली चार बटणे आणि मध्ये दीड वीत लांबीची काच. रेडिओ सुरू केला की काचेमागचा दिवा लागे आणि काचेवरची पिवळी अक्षरे उजळत. आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत आवाज मात्र येत नसे. तोपर्यंत सगळे गप्प बसून त्या अक्षरांकडे पाहत राहत. त्या काळी रेडिओ ठेवायला सरकारी परवाना लागे. पोस्टात पैसे भरून तो दरवर्षी नवा करून घ्यावा लागे. परवान्याचे ते जुने पुस्तक दादांनी शेवटपर्यंत जपून ठेवले होते.

काचेवर आकड्यांच्या ओळी होत्या आणि इंग्रजीत गावांची व देशांची नावे होती. दिल्ली, बॉम्बे, कलकत्ता, मद्रास, लाहोर, सिलोन. दादा उर्दूखेरीज दुसरे काही शिकले नव्हते. इंग्रजी अक्षरांची ओळख त्यांना या काचेनेच करून दिली. कोण बोलते आहे हे कानाला आधी कळे; मग काटा कुठे उभा आहे ते पाहून ते नाव वाचत. 'एल' हे अक्षर त्यांच्यासाठी कायम लाहोरचे 'एल' राहिले. बुधवारी रात्री सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागे, तेव्हा अर्धी गल्ली आमच्या ओट्यावर बसलेली असे, असे ते सांगत.

२००३ साली मी नववीत होतो. ईद जवळ आली होती आणि घरात साफसफाई चालली होती. रेडिओ पुसण्याचे काम माझ्याकडे आले. वरवर पुसून माझे समाधान होईना. मी रेडिओची पाठ उघडली, काच बाहेर काढली आणि साबणाच्या पाण्यात फडका भिजवून ती दोन्ही बाजूंनी खसखसून पुसली. फडका पिवळा झाला. मला वाटले, किती ही धूळ! काच उजेडात धरली, तेव्हा ती खिडकीच्या काचेसारखी कोरी होती.

झाले होते ते असे. रेडिओच्या काचेवरची अक्षरे समोरच्या बाजूला नसतात. ती मागच्या बाजूला, उलटी छापलेली असतात. त्यामुळे समोरून ती सुलटी दिसतात आणि बोट लागून झिजत नाहीत. पण मागे दिव्याची उष्णता असते. चाळीस वर्षे ती उष्णता खाऊन रंग सुकतो आणि काचेवरची त्याची पकड सुटते. अशा अक्षरांना कोरड्या मऊ कुंचल्यापलीकडे काहीही लावू नये. हे सारे मला नंतर समजले.

संध्याकाळी दादांनी रेडिओ लावला. दिवा लागला. कोऱ्या काचेमागे नुसता काटा उभा होता. त्यांनी बटण थोडे फिरवले, एक स्टेशन लागले. ते म्हणाले, "आता हा कुठून बोलतो आहे, ते कसे कळणार?" एवढेच. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

अब्बांनी दुरुस्तीची दुकाने आणि भंगार बाजार पालथा घातला. तसली काच कुठेच मिळाली नाही. शेवटी दादाच म्हणाले, "कातिब चाचांना दाखवू."

कातिब चाचा आमच्या शेजारी राहत. संगणक येण्यापूर्वी उर्दू पुस्तके शिळाछाप पद्धतीने छापली जात. कातिब खास शाईने पिवळ्या कागदावर मजकूर लिही. तो दगडावर किंवा पत्र्यावर उतरवला की उलटा दिसे. तिथे एखादी चूक आढळली, तर ती उलट्या अक्षरांतच सुधारावी लागे. असे काम करणाऱ्याला संगसाज म्हणत. चाचांनी मुंबईच्या छापखान्यांत ही दोन्ही कामे केली होती. उलटे लिहिणे त्यांच्या हाताला ठाऊक होते.

चाचांनी काच तिरपी धरली आणि तिच्यावर हलकेच श्वास सोडला. काचेवर वाफ धरली आणि तिच्यात अस्पष्ट अक्षरे उमटली! जिथे इतकी वर्षे तेलकट रंग बसला होता, तिथे वाफ निराळी धरत होती. मी टाळीच वाजवली. पण दोन क्षणांत वाफ विरली आणि अक्षरेही गेली. मग चाचा श्वास सोडत, मी वाचत असे आणि अब्बा बटर पेपरवर खूण करीत. अर्ध्या तासात सहा नावांच्या जागा सापडल्या. आकडे मात्र कुठेच दिसेनात.

आकडे बनवायचे कसे? पट्टीने सारखे भाग पाडून चालत नाही. या काचेवर आकडे एका टोकाला विरळ असतात आणि दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने असतात. आमच्या विज्ञानाच्या सरांनी उपाय सांगितला, "जी स्टेशने माहीत आहेत, त्यांनाच विचारा."

आम्ही शुक्रवारची वाट पाहिली. मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. एरवी त्यांच्या मोटारींमुळे रेडिओत सारखी खरखर येई. त्या संध्याकाळी आवाज स्वच्छ होता. काचेच्या जागी कागदाची पट्टी लावली. मुंबईचे केंद्र लागले आणि निवेदकाने सांगितले, ५५८ किलोहर्ट्झ. काटा उभा होता तिथे मी पेन्सिलीने रेघ मारली. मग पुण्याचे ७९२, जळगावचे ९६३, मुंबईचे दुसरे केंद्र १०४४ आणि विविध भारतीचे ११८८. पाच स्टेशने, पाच रेघा. दुसऱ्या दिवशी मी त्या पाच खुणा आलेखाच्या कागदावर मांडल्या आणि त्यांतून जाणारी वक्र रेषा काढली. या रेषेवरून ६००, ७००, ८०० यांच्या जागा मिळाल्या. मीटरची ओळ तर गणितानेच सुटली. मीटर आणि किलोहर्ट्झ यांचा गुणाकार नेहमी सुमारे ३,००,००० येतो. म्हणजे १००० किलोहर्ट्झच्या समोर ३०० मीटर आणि ६०० च्या समोर ५०० मीटर. वर्गात रटाळ वाटणारा आलेख असा कामाला येईल, असे मला कधी वाटले नव्हते.

पण इथेच आमचा वाद झाला. वाफेत दिसलेल्या 'बॉम्बे'ची जागा आणि मुंबईचे केंद्र प्रत्यक्ष लागत होते ती जागा जुळत नव्हती. मी म्हणालो, "नाव थोडे सरकवू या. आणि बॉम्बे कशाला? आता मुंबई लिहू या."

दादा म्हणाले, "बेटा, आपण नवी काच बनवत नाही. तू पुसलेली काच परत लिहितो आहोत. जे होते, जिथे होते, तिथेच लिही."

मला ते पटले नव्हते. जागा का जुळत नव्हती, हे पुढे बी.एड. करताना एका पुस्तकातून उलगडले. १९७५ साली जिनिव्हा येथे ठरलेली योजना २३ नोव्हेंबर १९७८ पासून लागू झाली. त्या दिवशी युरोप, आफ्रिका आणि आशियातल्या मध्यम लहरींच्या असंख्य केंद्रांनी आपल्या जागा बदलल्या. तेव्हापासून या केंद्रांचे आकडे ९ ने भागता येतात. वर दिलेले पाचही आकडे तुम्ही भागून पाहा. आमची काच १९७८ च्या आधीची होती. ती चुकलेली नव्हती. ती आपल्या काळाचे खरे सांगत होती. मी नाव सरकवले असते, तर काच आपल्या काळाविषयी खोटे बोलली असती.

दुसरी अडचण याहून कठीण होती. लाहोर आणि सिलोन यांच्या मध्ये आणखी एक नाव होते. वाफेत त्याचा नुसता धुरकट डाग दिसे. मी छातीठोकपणे म्हणालो, "कराची! मला पक्के आठवते." अब्बांनाही तसेच वाटले. चाचांनी दादांकडे पाहिले. ज्या माणसाने ती काच चाळीस वर्षे वाचली, तो माणूस बराच वेळ डोळे मिटून बसला. मग म्हणाला, "मला आठवत नाही. जागा मोकळी सोडा."

चाचांनी आधी सगळा मजकूर बटर पेपरवर सुलटा लिहिला. मग कागद उलटा करून काचेखाली ठेवला आणि बारीक कुंचल्याने, पिवळ्या तैलरंगात, काचेच्या मागच्या बाजूवर अक्षरे उतरवली. या कामाला तीन संध्याकाळी लागल्या. शेवटी एका कोपऱ्यात त्यांनी मुंगीएवढ्या अक्षरांत '२००३' लिहिले. मी विचारले, "हे तर आधी नव्हते?" ते म्हणाले, "नकल करणाऱ्याने नकल कधी केली ते सांगावे. नाही तर तो असल असल्याची फसवणूक होते."

दादांनी रेडिओ लावला. दिवा लागला, अक्षरे उजळली. लाहोर आणि सिलोन यांच्या मध्ये थोडा अंधार होता. दादांनी काचेवरून बोट फिरवले, मोकळ्या जागेपाशी थांबले आणि पुढे गेले. माझ्या पाठीवर त्यांनी हात ठेवला.

आज दादा नाहीत, कातिब चाचाही नाहीत. आता जुने रेडिओ जपणारी मंडळी हे काम संगणकावर करतात. त्याच नमुन्याची चांगली काच मिळवतात, शेजारी मोजपट्टी ठेवून तिचे स्कॅनिंग करतात, तुटकी अक्षरे सुधारतात आणि उलटी प्रतिमा पारदर्शक फिल्मवर किंवा काचेवर छापतात. मोजपट्टी यासाठी की छापताना आकार थोडा जरी बदलला, तरी काटा आणि आकडे यांची गाठ पडत नाही. मात्र तुम्ही कोणी जुना रेडिओ जाणकाराशिवाय उघडू नका. वायर काढून ठेवली तरी आतल्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. मी नववीत तो उघडला आणि मला काही झाले नाही, ही माझी हुशारी नव्हती.

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याकडे मला अगदी तसाच रेडिओ दिसला. काच शाबूत होती. मी धावतच जवळ गेलो. लाहोर आणि सिलोन यांच्या मध्ये लिहिले होते, रंगून. कराची त्या काचेवर कुठेही नव्हते. मला पक्के आठवत होते, ते कधी नव्हतेच.

मी शिक्षक आहे. परीक्षेत कोणताही प्रश्न सोडू नका, असे मीच तुम्हांला रोज सांगतो. परीक्षेत ते ठीक आहे. पण जिथे आपले लिहिणे पुढच्या माणसाला खरे वाटणार आहे, तिथे न आठवणारी जागा मोकळी सोडायला दादांइतके धैर्य लागते.

घरी येऊन मी काच काढली. या वेळी फडका जवळही आणला नाही. मोकळ्या जागेत मी उलट्या अक्षरांत 'रंगून' लिहिले आणि खाली बारीक आकड्यांत त्या वर्षाचा आकडा घातला. माझे अक्षर चाचांच्या अक्षरासारखे वळणदार नाही. दिवा लागला की कोणाच्याही लक्षात येते, हे नाव दुसऱ्या हाताने, नंतर लिहिले आहे. ते लक्षात यावे, अशीच माझी इच्छा आहे.