पातळ पारी, भरपूर सांबार

नागपुरात थंडी पडली की भाजीबाजारात सांबाराचे ढीग लागतात. बाकी महाराष्ट्राची कोथिंबीर ती आमची सांबार. एरवी तिचं काम वरवरचंच: पोह्यांवर भुरभुरायची, वरणावर पेरायची, नाहीतर भाजीवाल्याकडून मिरच्यांसोबत वर मागून घ्यायची. विदर्भाने मात्र तिला पानात मधली जागा दिली. सांबारवडी, म्हणजे पुडाची वडी, हा मला म्हणूनच फार थोर पदार्थ वाटतो. कोथिंबीरवडीही मला आवडते, पण तिथे बेसन वरचढ असतं. इथे बेसनाची पारी नावापुरती, आत नुसता हिरवागार पाला.

ही वडी हिवाळ्यातच करावी. कोथिंबीर थंड हवेत सुखाने वाढते. ऊन तापलं की रोपाचं पानांवरचं लक्ष उडतं, दांडा वर निघतो, फुलं धरतात आणि पानं बारीक, झिरमिळी होत जातात. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा जुडीत पानं रुंद येतात आणि देठ नखाने तुटतात. हे कोवळे देठ टाकू नयेत. वास त्यांच्यातही भरपूर असतो.

बाकी वडीचा सगळा खटाटोप पाण्याशी आहे. माझी मोठी आई म्हणायची, "पाणी राह्यलं का वडी फुटलीच समज." सांबार धुवायची ती निवडून, चिरण्याआधी. मग सुती धोतराच्या तुकड्यावर पसरून पंख्याखाली ठेवायची आणि विसरून जायचं. पानं हातात घेतल्यावर सळसळली पाहिजेत. चिरल्यावर धुतली तर चिरांतून पाणी आत जातं आणि चव बाहेर.

सारणात खोबऱ्याचा कीस, तीळ, खसखस आणि चारोळी हवीच. काहीजण महाग म्हणून चारोळी वगळतात. मी नाही वगळत, तिच्या मऊ तुपकट दाण्याने सांबाराचा उग्रपणा निवतो. तेलात हिंग, आलं-लसूण-मिरचीचा ठेचा, मग तीळ-खसखस, शेवटी खोबरं. खोबऱ्यावर बदामी रंग आला की कढई खाली उतरवायची आणि मग सांबार घालायची. आचेवर ठेवली तर मिनिटभरात मान टाकते, आणि ज्या वासासाठी हे सगळं मांडलं तो वाफेवर उडून जातो. कढईच्या अंगच्या उष्णतेने पानं जेवढी नमतील तेवढी पुरेत. मीठ अगदी भरायच्या वेळी. आधी घातलं तर ते पानांतलं पाणी ओढून काढतं आणि कोरडं सारण बघता बघता ओलं होतं.

पारीचं गणित वेगळं. बेसनात ग्लूटेन नसतं, त्यामुळे नुसत्या बेसनाची पातळ पारी लाटताना फाटते. दोन वाट्या बेसनाला अर्धी वाटी कणीक, हळद, तिखट, ओवा, कडकडीत तेलाचं मोहन, आणि घट्ट भिजवायचं. बाजारात मिळणारी वडी मला रुचत नाही ती इथेच. पारी जाड ठेवली की सारण कमी लागतं, वडी फुटत नाही, विकणाऱ्याची सोय होते. खाणाऱ्याच्या तोंडी मात्र बेसनच येतं. घरी करायचं ते एवढ्यासाठी की पारी पातळ लाटायची मुभा आपल्या हाती राहते.

लाटलेल्या पारीला आतून चिंचेचा दाट कोळ, गूळ आणि काळा मसाला तेलात कालवून बोटाने फिरवायचा. चव तर येतेच, शिवाय सारण जागेवर बसतं. मग मधोमध सारणाची लांबट रास, एक बाजू वर, दुसरी तिच्यावर, टोकं आत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मिटण्यापूर्वी तळहाताने हलकं दाबून आतली हवा काढून टाकायची. हवा राहिली तर तेलात फुगते आणि शिवण उसवते. आच मध्यम. मोठ्या आचेवर वरून रंग चढतो, पारी आतून कच्ची राहते.

हे काम एकटीने करू नये असं माझं ठाम मत झालं आहे. भरलेली वडी ताटात पडून राहिली की सारणाचा ओलावा पारीला लागतो. म्हणून एकीने लाटावं-भरावं आणि दुसरीने लगेच तळावं. आमच्याकडे आता भाची लाटते आणि मी कढईपाशी. ती माझ्यापेक्षा पातळ लाटते, पारीखालची पोळपाटाची लाकडाची रेघ दिसेपर्यंत. तिची वडी तळायला मला फार आवडतं.

सोबत ताकाची कढी, गरम आणि पातळ, आल्याची. काही ठिकाणी ती वडीवरच ओततात. आमच्या घरी वाटी वेगळी असते. एक घास वडीचा कुरकुरीत, मग एक घोट कढीचा. पहिला घाणा उतरला की लाटणारीला आधी खायला बसवायचं, कारण ही वडी थंड झाली की पारी मऊ पडते.