समोरची खुर्ची

१९७४ सालच्या ऐन आषाढात कोटातल्या एका सरकारी दफ्तरात कारकुनाची नेमणूक मिळून मी मुंबईस आलो, तेव्हा गिरगावातील एका चाळीत दूरच्या आप्तांनी पथारीपुरती जागा दिली. जेवणाची सोय मात्र ज्याची त्याने पाहावी, असा करार पहिल्याच दिवशी झाला. त्या वेळी तो करार मला कठोर वाटला होता. आता वाटते की त्या घरात मला दोन्ही वेळचे ताट आयते मिळाले असते, तर हे शहर मला दिसलेच नसते. कारण मुंबई मी जी काही शिकलो ती कोपऱ्याकोपऱ्यावरच्या उपाहारगृहांत, बिनपाटीच्या खानावळींत आणि पुढे वय व धीर वाढल्यावर परमिट रूमच्या मंद उजेडात शिकलो.

पहिल्याच संध्याकाळी पावसात भिजून मी धोबीतलावाच्या बाजूच्या एका इराण्याच्या हॉटेलात शिरलो. संगमरवरी फरशीची टेबले, त्यांभोवती वाकवलेल्या काळ्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर पारा उडालेले मोठे आरसे, आणि बिस्किटांच्या बरण्यांआडून सर्वांवर नजर ठेवीत गल्ल्यावर बसलेला मालक. मी एका रिकाम्या टेबलाशी बसलो आणि समोरच्या खुर्चीवर माझी कापडी पिशवी ठेवली. खुर्ची अडवावी असा हेतू नव्हता, ओल्या जमिनीवर पिशवी ठेवावयाची नाही इतकेच मनात होते. ब्रूनमस्का आणि चहा ठेवता ठेवता वेटर म्हणाला, “पिशवी मांडीवर घ्या, माणूस बसेल.” आणि पाव अर्धा संपतो न संपतो तोच खरोखरच एक माणूस येऊन बसला. त्याच्या खाकी सदऱ्याला यंत्राच्या तेलाचा वास होता. त्याने माझे नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. मी चाचपडतो आहे असे पाहून पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला, आपला चहा बशीत ओतून प्यायला, आणि उठताना किंचित मान हलविली. सर्वस्वी परक्या माणसाच्या समोर, एकाच टेबलावर, एकाच वेळी खाण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग होता.

ज्या गावातून मी आलो होतो, तेथे कोणी कोणाच्या पंक्तीस बसावे हे माणूस जन्मण्यापूर्वीच ठरलेले असे. आपल्या इतिहासात या गोष्टीचे ओझे किती होते, हे आठवण्यासाठी फार मागे जावे लागत नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहाचे पेले पुढे आले, आणि त्या एका पेल्यापायी रानडे आणि टिळक यांच्यासारख्या पुरुषांना ग्रामण्यास, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादास, तोंड द्यावे लागले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली, आणि वृत्तपत्रांतून वाद कित्येक महिने गाजत राहिला. त्यानंतर अवघ्या तीस वर्षांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी, त्याच टिळकांनी देह ठेवला तो मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, म्हणजे उतारूंसाठी चालविलेल्या एका विश्रांतिगृहात. आणि त्या इमारतीसमोर जमलेला अफाट जनसमुदाय पंक्तीच्या क्रमाने उभा राहिलेला नव्हता. हे तीस वर्षांचे अंतर मी अनेकदा मनाशी मोजून पाहिले आहे. ते ग्रंथांनी आणि सभांनी किती तोडले, हे विद्वानांनी सांगावे. त्यातला काही वाटा हॉटेलातल्या टेबलाचा आहे, अशी माझी दृढ समजूत आहे.

इराणी हॉटेलांचे मोठे ऋण ते हेच. यझ्द आणि केरमान या प्रांतांतून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, जे जरथुष्ट्री मुलूख सोडून मुंबईस आले, त्यांनी रस्त्याच्या कोपऱ्यावरचे गाळे घेतले. कोपऱ्याची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानीत म्हणून ती त्यांना सुलभतेने मिळाली, असे सांगतात. कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन्ही रस्त्यांकडे दारे ठेवता येतात, आणि ज्या दुकानाला दोन दारे, तेथे कोण कोणत्या आळीतून आला हे पाहत बसणे शक्य नसते. क्यानीचे हॉटेल १९०४ सालचे. ग्रँट रोडचे मेरवान, ज्याच्या मावा केकसाठी माणसे पहाटे स्थानकातून थेट तिकडे वळत, ते १९१४ सालचे. बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ सालचे. हे सर्व ज्या काळात उभे राहिले, त्याच काळात याच शहरात ‘ब्राह्मण भोजनगृह’ आणि ‘मराठा खानावळ’ अशा पाट्याही निःशंकपणे लटकत होत्या, हे विसरून चालणार नाही. इराण्याच्या पाट्यांवर सूचना पुष्कळ असत, पण त्यांत जातीची एकही नसे.

दफ्तरात रुळल्यावर मी एक शिरस्ता पाडला. दर रविवारी एका निराळ्या स्थानकावर उतरावे, कोणासही न विचारता पायी हिंडावे, आणि भूक लागेल तेथे आत कोण बसले आहे हे पाहून शिरावे. ज्या हॉटेलात हमाल, टॅक्सीवाले आणि शेजारच्या दुकानातले नोकर दिसतात तेथे अन्न ताजे असते, कारण ही माणसे आपल्या पैशाचा हिशेब चोख ठेवतात. हा ठोकताळा मला क्वचितच फसला. अशा रीतीने माटुंग्यास रामा नायक यांच्या १९४२ सालच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर रसम्-भात जेवलो. दादर स्थानकाबाहेर, १९१० पासून चालत आलेल्या मामा काण्यांच्या उपाहारगृहात बटाटावडा खाल्ला. आणि भेंडीबाजारात, १९२३ सालापासून चालणाऱ्या नूर मोहम्मदीत, रात्रभर मंद आचेवर शिजलेल्या निहारीची वाटी समोर ठेवून पहिला घास घेण्यापूर्वी बराच वेळ बसून राहिलो. तो घास घेतला तेव्हा शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी नानाचा तुकडा कसा मोडावा आणि रस्सा कसा टिपावा, हे मला न बोलता, स्वतः करून दाखविले.

परंतु मनात अधिक खोल रुतून बसल्या आहेत त्या लालबाग-परळच्या खानावळी. त्यांना पाटी नसे. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले एकटे कामगार एकेका खोलीत वीस-वीस, तीस-तीस जण पाळीपाळीने झोपत. त्यांचे जेवण त्याच चाळीतली एखादी बाई रांधी. दहा फुटांची खोली, एका बाजूस स्टोव्ह, दुसऱ्या बाजूस पाटावर ओळीने बसलेली माणसे, आणि पहिली पाळी उठल्यावर त्याच जागी पाणी शिंपडून बसणारी दुसरी. हिशेब महिन्याचा, पगाराच्या दिवशी चुकता करावयाचा. एका सहकाऱ्याच्या भावाबरोबर मी तेथे प्रथम गेलो, आणि नंतर कित्येक रविवार जात राहिलो. बाईंना मी ‘मावशी’ म्हणत असे, सर्वच म्हणत. बांगड्याचे तिखले, भाकरी, आणि आंबट सोलकढी. ताट पुसून घेतल्याशिवाय उठू नये असे वाटावयाचे. सबंध महिना मावशी किराणा उधारीवर आणीत, व्याज भरीत, आणि संप झाला की तो सारा भार त्यांच्याच डोक्यावर येई, ही गोष्ट मला फार उशिरा समजली. ही व्यथा जाणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि सावकाराऐवजी बँकेच्या कर्जाचे दार त्यांच्यासाठी उघडले, ही या शहराच्या इतिहासातील एक अत्यंत उदात्त घटना आहे. तिचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत असावयास हवा. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा तो अखेरचा संप सुरू झाला. महिन्यामागून महिने पगार नव्हता, तरी मावशींच्या खोलीत पाट मांडले जात होते. मग पाटांची संख्या घटत गेली. माणसे गावी परतली. एका रविवारी मी गेलो तेव्हा खोलीस कुलूप होते.

परमिट रूमविषयी लिहिताना लेखणी थोडी अडखळते, कारण दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी जवळून पाहिली आहेत आणि तिची भलावण माझ्या हातून होणार नाही. तथापि जे पाहिले ते सांगितलेच पाहिजे. हे नाव दारूबंदीने मागे ठेवलेले आहे. मुंबई प्रांतात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. पुढे बंदी सैल झाली, पण परवान्याची अट कायम राहिली, आणि परवानाधारकाने बसून प्यावयाची जागा ती परमिट रूम. आबकारीच्या त्या जुन्या अमलाची खूण म्हणून हा शब्द आजही निऑनच्या लाल अक्षरांत रस्त्यारस्त्यावर जळतो. दफ्तरातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, निवृत्तीच्या दिवशी, मला आग्रहाने ग्रँट रोडजवळच्या अशा एका खोलीत नेले. मी सोडा-लिंबू घेतले. बाहेर भर उन्हाळा, आत पंख्याची घरघर. टेबलावर उकडलेले चणे आणि काकडीच्या फोडी. आणि प्रत्येक टेबलाशी एकेकटा माणूस. मला वाटले होते तसा गोंगाट नव्हता. साडेसातच्या सुमारास एक गृहस्थ आले, हातात डबा आणि छत्री, वेटरने न विचारता क्वार्टरची सीलबंद बाटली, सोडा आणि खारे शेंगदाणे त्यांच्यासमोर आणून ठेवले, आणि फक्त एवढेच म्हटले, “काल आला नाहीत?” गृहस्थ म्हणाले, “मुलगी आजारी होती.” त्यावर वेटरने टेबलावरून पुन्हा एकदा फडके फिरविले, जरी ते स्वच्छ होते. त्या दिवशी त्यांना तो प्रश्न अन्य कोणी विचारला असेल, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले नाही.

तो वेटर मंगळूरकडचा होता. अशा मुलांसाठी मुंबईत कानडी माध्यमाच्या रात्रशाळा चालत. दिवसा टेबले पुसून संध्याकाळी ती मुले धडे गिरवीत, आणि त्यांतली काही पुढे स्वतःच्या हॉटेलांची मालक झाली. गल्ल्याखाली ठेवलेली त्यांची वह्या-पुस्तके मी पाहिली आहेत.

काळा घोड्याजवळचे वेसाइड इन मला परवडणारे नव्हते, पण पगाराच्या आठवड्यात मी तेथे जात असे. तेथल्या एका खिडकीशी कवी अरुण कोलटकर वर्षानुवर्षे बसत आणि बाहेरचा चौक न्याहाळीत. त्या पाहण्यातून ‘काळा घोडा पोएम्स’ हा संग्रह झाला, तो २००४ साली, त्यांच्या अखेरच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. एका कवीला एका शहराने एक खिडकी आणि एक खुर्ची दीर्घकाळ वापरू दिली, ही त्या शहराची केवढी श्रीमंती! ते उपाहारगृहही आता उरलेले नाही.

इराण्यांची हॉटेले आज बोटांवर मोजता येतील इतकी राहिली आहेत. पुढची पिढी अन्य व्यवसायांत गेली, आणि कोपऱ्यावरच्या जागेची किंमत चहापावाच्या गल्ल्याला पेलेनाशी झाली. यात कोणास दोष द्यावा असे मला वाटत नाही. मला खरी चिंता वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. जी हॉटेले चालू आहेत, त्यांच्या दाराशी आता पाठीवर चौकोनी पेट्या घेतलेली मुले पार्सलची वाट पाहत उभी असतात, आणि आत टेबले रिकामी असतात. अन्न तेच, हातही तेच. परंतु ते खाणारा आपल्या खोलीत एकटा, दिवा लावून, दार लावून खातो. जी नवी हॉटेले उघडतात त्यांत पाठी उंच असलेले सोफे, एका कुटुंबामागे एक कप्पा. तेथे परका माणूस समोर येऊन बसण्याची सोयच ठेवलेली नाही. पंगत मोडून आपण टेबलाशी आलो, आणि टेबल मोडून पुन्हा आपापल्या चुलीपाशी, ज्याचे त्याच्या माणसांत, परत चाललो आहोत. हा मार्ग मला मान्य नाही, आणि तसे स्पष्ट सांगण्याइतके माझे वय आता झाले आहे.

म्हणून या शहरात राहणाऱ्या प्रत्येकास माझी विनंती आहे. येत्या रविवारी आपल्या नेहमीच्या स्थानकाच्या दोन स्थानके पुढे उतरावे. कोणासही न विचारता चालावे, आणि जेथे गर्दी असेल अशा एखाद्या लहान हॉटेलात शिरावे. पिशवी मात्र मांडीवर घ्यावी, माणूस बसेल.