दहावं वचन

आमच्या ख्रिस्ती घरांमध्ये एक वचन हमखास सापडतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, कॉफीच्या मगवर, बारावीच्या निकालादिवशी आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये. यिर्मया २९:११. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे विचार आहेत, तो तुम्हाला आशा आणि चांगला शेवट देणार आहे, असा त्याचा आशय.

त्याच्या आधीचं, दहावं वचन मात्र मी कुठल्याच मगवर पाहिलेलं नाही. त्यात सत्तर वर्षांचा हिशेब आहे.

हा सगळा अध्याय म्हणजे मुळात एक पत्र आहे. यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या माणसांना यिर्मयाने ते पाठवलं. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया लिहितो, तसं होणार नाही. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. हे तोंडावर सांगून झाल्यावर मग अकरावं वचन येतं. दहाव्याशिवाय ते वाचलं, तर हाती उरतो तो हनन्याचाच निरोप.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. उत्तराच्या वरचा प्रश्न न वाचता कोड उचलून चिकटवला की काय होतं, हे आमच्या धंद्यात रोज दिसतं. कोड बरोबरच असतो, फक्त तो दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असतो.

आमच्या टीममधल्या एका मित्राचे वडील गेल्या वर्षी वारले. घर वारकऱ्यांचं, वडील माळकरी. मी ख्रिस्ती आहे हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावरून 'आम्हाला बाटवणार का रे?' असा विनोदही अधूनमधून होतो. त्यामागे थोडी खरी शंका असते, हेही मला कळतं. दुःखात सापडलेल्या माणसाच्या हातात अशा वेळी वचन ठेवायचं म्हणजे त्याच्या रडण्याचा फायदा घेतल्यासारखं होऊ शकतं. पण ज्याच्या आधारावर मी स्वतः उभा आहे, ते मित्रापासून लपवून ठेवणं हाही खोटेपणाच. मी दहाव्याला जाऊन आलो, त्याच्या ऑन-कॉलच्या पाळ्या घेतल्या, पाठवलं काहीच नाही.

महिन्याभराने एका रात्री रिलीज अडकलं होतं, आम्ही दोघंच जागे होतो. तोच म्हणाला, "सगळे सांगतात देवाची इच्छा. तुमच्या बायबलमध्येही हेच असेल ना?"

मी फोनवर ८८वं स्तोत्र काढून त्याच्या हातात दिलं. त्याने सावकाश वाचलं. मग बोट वर सरकवत म्हणाला, "पुढचं लोड होत नाहीये."

"पुढे नाहीये. एवढंच आहे."

ते स्तोत्र अंधारावर संपतं. रात्रंदिवस हाक मारणारा माणूस देवाला विचारतो की तू तोंड का लपवतोस, आणि त्याला उत्तर मिळत नाही. मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे चालतं तुमच्यात?"

"चालतं. ही प्रार्थनाच आहे."

त्याने लिंक मागून घेतली.

शास्त्र कसं वापरावं याचे नमुने शास्त्रातच आहेत. कूशी राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचत होता. फिलिप्पाने आधी विचारलं, वाचताय ते समजतंय का? तो ज्या ओळीवर अडला होता, तिथूनच बोलायला सुरुवात केली. पौल अंत्युखियाच्या सभास्थानात इस्राएलचा इतिहास सांगतो, पण अथेन्समध्ये अरीयपगावर उभा राहतो तेव्हा ग्रीक कवींचे दाखले देतो. पेत्र लिहितो की आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. आणि येशूची परीक्षा पाहताना सैतानही स्तोत्रच उद्धृत करतो, ९१वं. म्हणजे वचन तोंडपाठ असणं एवढ्यावर काही सिद्ध होत नाही.

आमच्या मराठीतही हे शहाणपण जुनं आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत, कारण इथल्या कानांना ओवी ओळखीची होती. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन माणसाने नवा करार दिला. आधी दोघांच्या गप्पा झाल्या त्या संस्कृत काव्यावर. टिळक पुढे एकटेच वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले. तिथे बोट ठेवायला शेजारी कुणी नव्हतं.

माझा मित्र अजून माळकऱ्यांच्याच घरातला आहे, आषाढीला फराळाचा डबा आणतो. पुढे काय व्हावं हे मी ठरवत नाही, पण त्याच्यासाठी प्रार्थना करतो आणि हे त्याला माहीत आहे. मध्यंतरी त्याने विचारलं, आणखी असं काही आहे का? मी ईयोब पाठवलं. सोबत एवढंच लिहिलं: मधली मित्रांची भाषणं जपून वाच. फार छान बोलतात, त्यांची वाक्यं लोक फ्रेम करून भिंतीवर लावतात. पण शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर, ओरडणाऱ्या ईयोबावर नाही.