समुद्राविना मिठागर

मिठागर म्हटलं की मला भांडुप-मुलुंडची खाडी आठवते. दिल्लीजवळ, गुरुग्राम जिल्ह्यातल्या सुलतानपूरला मात्र मीठ विहिरींतून निघायचं. खारं पाणी उपसून उथळ वाफ्यांत सोडायचं, पुढचं काम उन्हाचं. या मिठासाठी १८७३ साली फरुखनगरपर्यंत रेल्वे आली. पण रेल्वेनंच सांभरचं स्वस्त मीठही गावोगाव पोहोचवलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत इथले वाफे ओस पडले.

आता इथं राष्ट्रीय उद्यान आहे, २०२१पासून रामसर यादीतलं. अर्ध्या दिवसाच्या सफरीत वाटाड्यानं चित्रबलाक दाखवले, दूरचे पट्टकादंब दाखवले. कोण कुठून येतं, कधी परततं, सारं त्याला पाठ. ‘मीठ कोण काढायचं?’ यावर तो नुसता हसला.

आमच्याकडे आगरांवरून आगरी हे नाव पडलं. आगरं बुजली तरी माणसं त्या नावानं उरली. इथं पाहुण्या पक्ष्यांचा पत्ता सैबेरियापर्यंत लागतो, गावच्या माणसांचा लागत नाही. ‘इथले आगरी कुठं गेले?’ परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात मराठीतच विचारत राहिले.