कागद वाचायला शीक

मिरजगाव

चि. बाळू,


परवा तुझा फोन झाल्यापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. जॅझ कानानं वाजवायचं असतं, मग विद्यापीठात बसून नोटेशन कशाला घोटू, सोडून येतो, म्हणालास. तुझ्या आईला मी यातलं अक्षरही सांगितलेलं नाही.

कान तुला आहे, हे मला का सांगतोस? वरातीत आपले तात्या क्लॅरोनेटवर पुढं काय घेणार, हे तू सातवीत असताना ओळखायचास. पण तात्या मुंबईहून परत का आले, हे घरात कोणी बोललं नाही. रेकॉर्डिंगला समोर नोटेशनचा कागद ठेवला आणि तो त्यांना वाचता येईना. एवढंच झालं. नंतर आयुष्यभर वरातीच्या सुपाऱ्या.

मुंबईत वाजवणाऱ्या गोव्याच्या पोरांचे कान काही आपल्याहून वेगळे नव्हते रे. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. म्हणून ती ताजमहाल हॉटेलच्या बँडमध्येही बसली आणि सिनेमातही. आपल्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. चाल त्यांची, पण १९५१च्या ‘अलबेला’त जॅझचा रंग भरायला त्यांनी गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट जवळ केला. त्याचा ट्रम्पेट ऐक, आणि त्याच्या मागची वाद्यं कशी एका दमात उठतात तेही ऐक. ते कोणीतरी लिहिल्याशिवाय होतं का?

एकट्यानं रंगायला कान पुरतो. सोळा-सतरा जणांच्या बँडमध्ये मात्र प्रत्येकाचे सूर कागदावर असतात, आणि तुझी सोलोची जागा आली की तिथं फक्त कॉर्डची नावं. ती रिकामी जागा तुझीच आहे, बाळू! पण तिथपर्यंत बाकीच्यांबरोबर पोचायला नको का?

गोव्यातल्याच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आठव. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे. १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी मोठा वाद्यवृंद उभा केला, रागांवरच्या रचना स्वतः लिहून वाजवून घेतल्या. लता मंगेशकर, मन्ना डे गायले. एवढं नाव झाल्यावर चाळिशीच्या उंबरठ्यावर हा माणूस अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेला. आणि तू विशीत कंटाळलास? रोज सकाळी क्लॅरोनेट हातात न घेता नुसता कागद वाच. बोटांनी ताल धर, तोंडानं सूर म्हण. तुझा कान त्यानं मरणार नाही, मी सांगतो.

की कारण दुसरंच काही आहे? वर्गात हसतात का तुला? खोलीभाड्याचं ओझं होत असेल तर स्पष्ट लिही, तूर विकली की पाठवतो. आवाजही बसलेला वाटला. खोकला असेल तर दोन दिवस फुंकू नकोस, आणि रात्रीचं जेवण टाळू नकोस. रविवारी फोन कर, पण आधी मला, आईला नंतर.

तुझा
मामा